वॉटर बॉडीची गोष्ट : मोटारीतला एक छोटा पंप आणि दुरुस्तीच्या मोठ्या बिलाचा इतिहास

१/
गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात मे महिन्याच्या दुपारी एखादी गाडी रस्त्याच्या कडेला थांबते. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेलेला असतो, बॉनेटखालून वाफ येत असते आणि गाडीखाली हिरव्या-गुलाबी पाण्याचे डबके साचलेले असते. मिस्त्री येतो, वाकून पाहतो आणि दोनच शब्दांत निदान सांगतो, "वॉटर बॉडी गेली." वॉटर बॉडी म्हणजे वॉटर पंप. हाच बिघाड एका गाडीत दुपारभरात आणि माफक पैशांत निस्तरतो. दुसऱ्या गाडीत मात्र त्याच बिघाडाचे बिल घरखर्चाचा महिना कोलमडवते. पंप तोच आणि कामही तेच असताना एवढा फरक का पडतो? याचे उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे. त्याविषयी हा सविस्तर धागा.

२/
आधी पंपाचे काम समजून घेऊ. इंजिनात जळणाऱ्या इंधनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोहोचतो. जवळपास तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही, तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवतात, ते रेडिएटरमध्ये गार करतात आणि पुन्हा इंजिनाकडे पाठवतात. हे पाणी सतत फिरते ठेवणारा भाग म्हणजे वॉटर पंप. एक कप्पी, एक दांडा, एक बेअरिंग, एक सील आणि पाणी ढकलणारा आतला पंखा, एवढाच त्याचा संसार.

३/
धानाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला हे यंत्र नवे नाही. विहिरीवरची मोटार ज्या तत्त्वावर पाणी फेकते, त्याच केंद्रोत्सारी तत्त्वावर गाडीतील पंपही चालतो. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात जॉन अॅपोल्ड या अभियंत्याने वळणदार पात्यांचा पंप दाखवला आणि या यंत्राचे सामर्थ्य जगाच्या ध्यानात आले. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत १९२० च्या दशकात असे पंप तयार होऊ लागले. शेतावरच्या पंपाचे सील गेले की तो थेंब थेंब गळतो आणि शेतकरी सील बदलून घेतो. मोटारीतल्या पंपाची कथाही इथूनच सुरू होते, पण पुढे ती फार वेगळ्या वाटेने गेली.

४/
पहिल्या मोटारीत वॉटर पंप नव्हता आणि आजच्या अर्थाने रेडिएटरही नव्हता. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचे इंजिन पाण्याच्या बाष्पीभवनाने गार होत असे. पाणी उकळायचे, वाफ होऊन उडून जायचे आणि चालकाने पुन्हा पाणी भरायचे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला याच प्रकारच्या गाडीतून गेली. सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासात इंधन तिने वाटेवरच्या औषधांच्या दुकानातून घेतले, पाणी मात्र तिला वारंवार भरावे लागले. मोटारीच्या इतिहासातील पहिल्या लांबच्या प्रवासाची मोठी चिंता पाणी हीच होती.

५/
या अडचणीवरचे मोठे उत्तर विल्हेल्म मायबाखने शोधले. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. त्यांतून वारा वाहायचा आणि भोवतीच्या फटींतून पाणी. हवेला भिडणारे क्षेत्रफळ एवढे वाढले की गाडीला लागणारे पाणी पूर्वीच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण नऊ लिटरवर आले. मात्र थोडे पाणी पुरायचे असेल, तर ते वेगाने फिरायला हवे. अशा रीतीने रेडिएटर लहान झाला आणि पंपाचे महत्त्व वाढले.

६/
यानंतर इतिहासाने एक गंमतीशीर वळण घेतले. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' बाजारात आली. सामान्य कुटुंबाची गाडी म्हणून जगभर गाजलेली हीच ती मोटार. सुरुवातीच्या सुमारे २,५०० गाड्यांत वॉटर पंप होता, पण त्यानंतर तो काढून टाकण्यात आला. पंप नाही म्हणजे त्याचा दांडा नाही, सील नाही, गळतीही नाही आणि तेवढाच खर्चही वाचला. ८५० डॉलरला सुरू झालेली ही गाडी पुढे ३०० डॉलरच्याही खाली आली. त्यामागे अशा अनेक काटछाटी होत्या. जो भाग गाडीत नाही तो बिघडतही नाही, हा त्यामागचा साधा हिशोब होता.

७/
पंपाशिवाय पाणी फिरायचे कसे? तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी जड होऊन खाली उतरते. इंजिनातले गरम पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये जाई, तिथे गार होऊन तळाशी येई आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात शिरे. या पद्धतीला थर्मोसायफन म्हणतात. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. मात्र एक मेख होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की प्रवाह तुटायचा, चक्र थांबायचे आणि गाडी काही मिनिटांत उकळायची. म्हणून फोर्डच्या मालकांना वरून बसवण्याचे पंप विकणारे स्वतंत्र व्यापारी लवकरच उभे राहिले. कारखान्याने वाचवलेला खर्च अखेर मालकाच्या खिशातून गेला. पुढच्या शतकभर हाच प्रकार वेगवेगळ्या रूपांत दिसतो.

८/
भारतात या मर्यादेची परीक्षा घाटांनी घेतली. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता वाहतुकीला खुला झाला, तो बैलगाड्यांसाठी आणि टांग्यांसाठी. विसाव्या शतकात त्याच चढावर मोटारी चढू लागल्या. चढाला वेग कमी, म्हणजे रेडिएटरवर वारा कमी. इंजिनावरचा भार मात्र जास्तीत जास्त. वर खंडाळ्याची उंची सुमारे ६०० मीटर, म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदूही दोन अंशांनी खाली. घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, शेजारी पाण्याचा डबा आणि झाडाच्या सावलीत बसलेले कुटुंब हे दृश्य त्यामुळे कित्येक पिढ्यांच्या ओळखीचे झाले.

९/
फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. याच सुमारास, १९२७ च्या अखेरीस, फोर्डची 'मॉडेल ए' आली आणि तिच्यासोबत वॉटर पंप परतला. इंजिने अधिक शक्तिशाली झाली होती, नुसत्या थर्मोसायफनवर आता भागणार नव्हते. पण त्या काळच्या पंपाला आजच्यासारखे सील नव्हते. दांड्याभोवती दोरीसारखे पॅकिंग भरून नट आवळत. ते झिजले की थेंब पडत. मग नट थोडा आवळायचा, वंगण द्यायचे आणि पुढे निघायचे. पंप गळणे हा तेव्हा बिघाड मानला जात नसे. ती देखभालीची आठवण होती आणि तिचा खर्च जवळजवळ शून्य होता.

१०/
पुढे कार्बनच्या गुळगुळीत चकतीचे यांत्रिक सील आले. दोन तलम पृष्ठभाग एकमेकांवर फिरतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा अतिसूक्ष्म थर वंगणाचे काम करतो. हे सील वर्षानुवर्षे टिकते, मात्र ते आवळून दुरुस्त करता येत नाही. ते गेले की बदलावेच लागते. म्हणून पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र ठेवतात. सील थकले की तिथून थेंब झिरपतो, म्हणजे पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी मालकाला इशारा मिळतो. हे छिद्र मालकाला दिसेल अशा जागी असेल, तरच त्या इशाऱ्याला अर्थ उरतो.

११/
आता कुर्ल्याकडे वळू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ च्या सुमारास आलेल्या फियाट ११०० ला महाराष्ट्राने लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटले. तिचीच पुढची पिढी १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरांत आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पोहोचली. या गाडीत, त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे, पंप इंजिनाच्या अगदी पुढ्यात होता. बॉनेट उघडले की समोर पट्टा, पंखा आणि त्यामागे पंप.

१२/
या मांडणीचा खर्चाशी थेट संबंध होता. पट्टा सैल करायचा, काही बोल्ट काढायचे की पंप हातात. गल्लीतला मिस्त्री जुना पंप उघडून नवे बेअरिंग आणि सील ठोकून बसवायचा आणि बीडाचे कवच पुन्हा वापरायचा. मजुरी काही तासांची आणि सुटे भाग थोडक्या पैशांचे. इशाऱ्याचा थेंबही समोरच दिसायचा. टॅक्सीवाले आणि मध्यमवर्गीय कुटुंबे यांनी या गाड्या दोन-दोन, तीन-तीन दशके चालवल्या. त्यामागे गाडीच्या मजबुतीइतकाच दुरुस्तीच्या सोपेपणाचा वाटा होता.

१३/
मात्र तो काळ सुवर्णयुग समजणे चूक ठरेल. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की देशात सुटे भाग घडवण्याची तयारी असलेल्या कंपन्यांनीच गाड्या बनवाव्यात. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरलेल्या मोजक्या कंपन्यांना स्पर्धा नव्हती आणि ग्राहकाला वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायादीशिवाय पर्याय नव्हता. नव्याकोऱ्या गाड्यांतील भाग लवकर निकामी होतात, ही तक्रार एवढी वाढली की १९६७ मध्ये मोटारींच्या दर्जाच्या चौकशीसाठी केंद्राने समिती नेमली. ती पांडे समिती म्हणून ओळखली जाते. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आणले आणि तो वाद 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' या नावाने सर्वोच्च न्यायालयात लढला गेला.

१४/
या वादात एक बाजू मागे पडली. शासन आणि उद्योग गाडीच्या विक्रीच्या किमतीवर भांडत होते. गाडी घेतल्यानंतर पुढच्या वीस वर्षांत ती दुरुस्त करण्याचा खर्च कोणाच्या हिशोबात नव्हता. तो भार उचलला गावोगावच्या गॅरेजांनी. जुन्या भागांना नवे जीवन देणारे लेथवाले, रेडिएटरला डाग देणारे कारागीर आणि पंपाला सील बसवणारे मिस्त्री यांची एक अनौपचारिक विद्याशाळाच देशभर तयार झाली. 'वॉटर बॉडी' हा शब्दही याच शाळेचा. तो कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत सापडत नाही, पण गॅरेजमध्ये सर्वांना कळतो.

१५/
या शाळेने काही चुकीचे धडेही दिले. गोंदिया-भंडाऱ्याचा प्रदेश तलावांचा आणि विहिरींचा. रेडिएटरमध्ये हाताशी असेल ते पाणी ओतण्याची सवय इथेही रुजली. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर धातूवर चिकटतात. घरातल्या पाणी तापवण्याच्या भांड्यात बसणारा पांढरा थर इंजिनाच्या वाहिन्यांतही बसतो. त्याचे सुटलेले कण सीलच्या तलम पृष्ठभागांत अडकतात आणि त्यांना ओरखडे पाडतात. 'आपल्याकडे उष्णता जास्त' म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकण्याची रीतही अशीच. त्याने इंजिन योग्य तापमानावर स्थिर राहत नाही आणि इंधन जास्त जळते.

१६/
१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० तिच्या मालकाच्या हाती सोपवली गेली आणि भारतीय कुटुंबाच्या गाडीची व्याख्या बदलली. पुढच्या चाकांना शक्ती देणारी आणि आडवे इंजिन असलेली मांडणी घरोघरी आली. अशा गाड्यांत रेडिएटरचा पंखा पंपापासून वेगळा होऊन विजेवर चालू लागला. झाकणबंद, दाबाखालची शीतन व्यवस्था सर्वसामान्य झाली. सुमारे एक बार जादा दाबाखाली पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि कूलंट मिसळले की गंज व क्षार या दोन्हींपासून संरक्षण मिळते. घाटात उकळणाऱ्या गाड्या विरळ झाल्या. गाडीला पाणी 'पाजण्याची' रोजची रीत संपली आणि तिच्यासोबत बॉनेट उघडून पाहण्याची सवयही गेली.

१७/
त्यानंतर पंपाची जागा बदलली. अनेक इंजिनांत तो बाहेरच्या पट्ट्याऐवजी टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप सांभाळणाऱ्या दातेरी पट्ट्यावर फिरू लागला. याचे चपखल उदाहरण कुर्ल्याचेच. जिथे पद्मिनी बनत होती, तिथेच १९९० च्या दशकात फियाट उनो आणि पुढे पालिओ आली. त्यांच्या 'फायर' मालिकेतील पेट्रोल इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. म्हणजे पंप काढायचा तर आधी तो पट्टा उतरवावा लागतो आणि नंतर खुणा जुळवून पुन्हा चढवावा लागतो. सुटा भाग लहानच राहिला, मजुरी मात्र कैक पटींनी वाढली.

१८/
या मांडणीमागे कारणे होती. जागा वाचते, एक पट्टा कमी लागतो आणि टायमिंग बेल्ट ठरावीक अंतराला बदलायचाच असतो, तेव्हा पंपही त्याच वेळी बदलून टाकता येतो. पण पंप मुदतीआधीच गेला, तर हा हिशोब उलटतो. त्याचे बेअरिंग अडकले की पट्टा तुटू शकतो. अनेक इंजिनांत पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि सिलिंडर हेड उतरवण्याची वेळ येते. परदेशात काही इंजिनांनी याहून पुढची पायरी गाठली. फोर्डच्या ३.५ लिटर व्ही-६ इंजिनाच्या काही आवृत्त्यांत पंप टायमिंग चेनवर, थेट इंजिनाच्या पोटात बसवलेला होता. तिथे गळणारे पाणी तेलात मिसळण्याचा धोका असतो. २००० च्या दशकाच्या मध्यात बीएमडब्ल्यूने विजेवर चालणारा पंप मोठ्या उत्पादनात आणला. त्याला पट्टा नाही, पण तो उघडून सील बदलणे गल्लीतल्या मिस्त्रीच्या आवाक्याबाहेरचे.

१९/
आता बिलाकडे परत येऊ. पंपाच्या बिलात तीन किमती दडलेल्या असतात. पहिली सुट्या भागाची, दुसरी तिथपर्यंत पोहोचण्याच्या मजुरीची आणि तिसरी उशिराची. काटा लाल रेषेवर असताना 'अजून चार किलोमीटर, घर आलेच' म्हणून गाडी दामटली की तिसरी किंमत सुरू होते. अॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट उडते, हेडला फेसिंग करावे लागते आणि कधी सबंध इंजिनच उघडावे लागते. पहिली किंमत फारशी बदललेली नाही. दुसरी अभियंत्यांच्या निर्णयांनी वाढवली. तिसरी वाढली, कारण इशाऱ्याचा थेंब आता प्लॅस्टिकच्या आवरणामागे पडतो आणि कोणाला दिसत नाही.

२०/
चौथी किंमत मक्तेदारीची. स्वतंत्र गॅरेजला मूळ सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि तांत्रिक माहिती मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करा आणि बाहेर काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. कंपन्या वरच्या न्यायपीठांकडे गेल्या आणि २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांचा दंड बराच कमी केला. तरीही या आदेशाने एक गोष्ट नोंदवून ठेवली : दुरुस्तीचा खर्च ठरताना बाजारातील सत्तेचाही हात असतो.

२१/
पंप लवकर गेला तर ग्राहकाच्या हाती काय उरते? २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याआधी सदोष वस्तूविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ताच प्रामुख्याने उरत असे. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका खटल्यात, क्लचच्या दोषासंदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वॉरंटीच्या अटींनुसार सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलून देणे ही कंपनीची जबाबदारी आहे, त्यापोटी संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. वॉटर पंपाला हा निकाल नेमका लागू पडतो. वॉरंटीत पंप बदलून मिळाला पाहिजे. खरा वाद असतो तो दोष भागात होता की वापरात, यावर.

२२/
जुन्या कायद्यात तक्रार सहसा विरुद्ध पक्षाच्या व्यवसायाच्या ठिकाणी किंवा जिथे वादाचे कारण घडले तिथे करावी लागे. नागपुरात किंवा रायपुरात गाडी घेतलेल्या कुडव्याच्या कुटुंबाला त्यासाठी अनेकदा तिकडे खेपा घालाव्या लागत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि न्यायाची दारे थोडी जवळ आली. जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने मोठा बदल केला. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते. व्यवहाराची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

२३/
जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेती उपकरणे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही तिची चार क्षेत्रे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांवरील जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. इंजिनाचे पंप त्याआधी २८ टक्क्यांच्या गटात होते. पावले छोटी आहेत. तरीही गाडी विकण्याच्या किमतीइतकाच ती चालती ठेवण्याचा खर्चही सार्वजनिक प्रश्न आहे, हे १९६९ मध्ये सुटलेले सूत्र अर्ध्या शतकानंतर हाती येऊ लागले आहे.

२४/
या इतिहासातून घरातल्या गाडीसाठी काही रोकड्या गोष्टी निघतात. कूलंट पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे, विहिरीचे पाणी ओतू नये आणि वेगवेगळ्या जातींचे कूलंट मिसळू नये. कूलंटची बाटली वारंवार उतरत असेल, तर नुसती भरत न राहता गळती शोधावी. काटा चढला की गाडी तिथेच बंद करावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, दाबाखालचे पाणी अंगावर उसळते. पंप टायमिंग बेल्टवर असेल, तर बेल्ट बदलताना पंपाचाही विचार करावा. आणि वाद होण्याची शक्यता दिसली तर काढलेला जुना पंप परत मागावा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि बिघाडाचे कारण लिहून घ्यावे. आयोगासमोर आठवणीपेक्षा कागद अधिक बोलतो.

२५/
बेर्था बेंझच्या गाडीत पाणी संपले तर ते तिला दिसत होते आणि काय करायचे हेही तिला ठाऊक होते. पद्मिनीच्या मालकाला पंप दिसायचा, भले तो स्वतः काढता येत नसेल. आज कुडव्याच्या रस्त्यावर थांबलेल्या कुटुंबाला दिसतो तो फक्त काटा आणि नंतर बिल. पंप अधिक चांगले झाले, गाड्या कमी उकळतात आणि घाट सोपे झाले, ही प्रगती खरीच. पण तो पंप कुठे बसवायचा, त्याचा सुटा भाग कोणाला विकायचा आणि तो उघडण्याचे ज्ञान कोणाकडे राहू द्यायचे, हे निर्णय ज्या खोल्यांत झाले तिथे गाडीचा मालक नव्हता आणि 'वॉटर बॉडी गेली' म्हणून सांगणारा मिस्त्रीही नव्हता. त्या बिलावरचा मोठा आकडा तिथे ठरला.

(धागा समाप्त)